गवताचा गलबला, काजूची कुजबुज

आजऱ्याच्या डोंगरउतारांवर काजू इतका रुळला आहे की तो इथलाच वाटतो. मूळचा तो ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर भारतात आला. त्यामुळे या भागातल्या तळ्याच्या गाळात काजूचा परागकण सापडला, तर तो थर त्याआधीचा असू शकत नाही. दप्तरात नोंद नसलेल्या जागेसाठी ही तारीख काही वाईट नाही.

परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन या चिवट द्रव्याचं असतं. प्राणवायू न पोचणाऱ्या गाळात ते हजारो वर्षं टिकतं. शेतात नांगर थर उलटेपालटे करतो, म्हणून संशोधक तळी आणि दलदली शोधतात. थराचं वय कार्बन-१४ वरून काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखून मोजतात. अशा मोजणीवरून जुनी जंगलं उभी करण्याची रीत स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये मांडली.

आपल्याकडे साताऱ्याजवळच्या कास पठारावरील हंगामी तळ्याचा गाळ पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासला. पराग आणि डायटम ही सूक्ष्म शैवालं मिळून सांगतात, की सुमारे ८,६०० वर्षांपूर्वी तिथे पाऊस घटून कोरडा काळ आला आणि सुमारे २,८०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस पुन्हा दुबळा झाला. अलीकडच्या थरांत प्रदूषण सोसणारे डायटम वाढतात; त्यामागे बहुधा माणसं आणि गुरंढोरं.

पण गाळातली मोजणी म्हणजे रानातली शिरगणती नव्हे. गवत वाऱ्यावर भरमसाट पराग उधळतं. काजूचा पराग किडे वाहून नेतात, तो तळ्यापर्यंत पोचतोच कमी. म्हणून काजू सापडला तर पुरावा. नाही सापडला तर काहीच सिद्ध होत नाही. कारवीच्या झुडपाचं आणखी अवघड: ते फुलणार सात-आठ वर्षांतून एकदा.

आणि आजऱ्याचा सुवासिक घनसाळ तांदूळ? भातही गवताच्याच कुळातला. त्याचा गोल, एका छिद्राचा परागकण रानगवतापासून वेगळा काढणं तज्ज्ञांनाही जड जातं. इथे भातशेती कधी सुरू झाली, हे नुसत्या परागावर ठरवू नये, असं मला वाटतं. त्यासाठी फायटोलिथ हवेत, म्हणजे भाताच्या पानांत आणि तुसांत तयार होणारे सिलिकाचे कण. त्यांचा आकार भाताची ओळख पटवतो. गंमत अशी, की पराग मोकळे करताना वाळू विरघळवायला वापरतात ते हायड्रोफ्लोरिक आम्ल हे कणही खाऊन टाकतं. म्हणून गाळाचे आधीच दोन भाग करायचे: एक परागासाठी, दुसरा भातासाठी.