दंडातला पहारेकरी

सुट्टीत घरी गेलो की रात्री दोनचा गजर ऐकू येतो. तो आईचा. माझ्या धाकट्या बहिणीला टाइप १ मधुमेह आहे. ती झोपेत असतानाच आई तिच्या बोटाला सुई टोचते आणि ग्लुकोमीटरचा आकडा पाहते. ७० च्या खाली असेल तर लगेच उठवून साखरेचे पाणी. झोपेत साखर फार उतरली तर मूल बेशुद्ध पडू शकते, म्हणून हा पहारा. आपल्याकडे पहाऱ्याची ड्यूटी बदलते, आईची बदलत नाही.

हे काम कातडीखाली बसवलेला सेन्सर करू शकतो असे वाचले, तेव्हा पहिला प्रश्न पडला : त्याची बॅटरी संपली तर? उत्तर असे, की त्यात बॅटरी नसतेच.

एव्हरसेन्स नावाच्या या सेन्सरला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. सुमारे १८ मिलिमीटर लांबीची बारीक कुपी. डॉक्टर दंडाला छोटा छेद देऊन ती आत सरकवतात आणि तिच्या बरोबर वर, कातडीवर, ट्रान्समीटर चिकटवला जातो. बारावीत आपण शिकतो, एका कॉइलमधला बदलता प्रवाह शेजारच्या कॉइलमध्ये विद्युतदाब निर्माण करतो. इथे तेच घडते. बाहेरून मिळालेल्या विजेवर आतला एलईडी क्षणभर पेटतो. कुपीवरच्या रसायनाला ग्लुकोज जडले असेल तर ते त्या उजेडात अधिक चमकते. चमक मोजली की साखर कळते. दर पाच मिनिटांनी आकडा ब्लूटूथने मोबाइलवर जातो, आणि साखर उतरली तर ट्रान्समीटर दंडावरच थरथरतो. सुरुवातीचा सेन्सर ९० दिवस चालायचा. २०२४ मध्ये मान्यता मिळालेला वर्षभर चालतो.

मित्रांनो, एक मर्यादा मात्र आपल्यासारख्या धावणाऱ्यांनी समजून घ्यावी. हा सेन्सर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, रक्तातली नव्हे. धावताना साखर झपाट्याने उतरते तेव्हा आकडा काही मिनिटे मागे असतो. घाम फुटला, हात कापू लागले आणि मोबाइल सगळे ठीक सांगत असेल, तर बोटाला सुई टोचून खात्री करावी.

बहीण अकरा वर्षांची आहे आणि ही मान्यता १८ वर्षांवरच्यांनाच आहे. कातडीवर चिकटवायचे सेन्सर मुलांना चालतात, पण ते दहा-पंधरा दिवसांत बदलावे लागतात. आई त्या खर्चाचा हिशेब जुळवते आहे. तोवर सुट्टीपुरता दोनचा गजर मी माझ्या उशाशी ठेवतो.