मावा, मुंग्या आणि माझी चूक



आपल्या शाळेच्या स्वयंपाकखोलीमागे मांडवावर वालाचा वेल चढला आहे. तो तुम्ही पाहिलाच असेल. त्याच्या शेंगा आपल्या दुपारच्या भाजीत पडतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा त्या वेलाकडे पाहवत नव्हते. कोवळे शेंडे आखडले होते, पाने चिकट झाली होती आणि कळ्यांच्या देठांवर काळ्या तिळासारखे किडे दाटीवाटीने बसले होते. बागेची पाळी आमच्या वर्गाची होती. गुरुजी म्हणाले, "हा मावा आहे."

मी लगेच म्हणालो, "गुरुजी, आमच्या घरी कपाशीवरचे औषध उरले आहे. घेऊन येऊ का?"

गुरुजींनी विचारले, "या शेंगा कोण खाते?"

"आम्हीच."

"मग?"

मी गप्प बसलो. गुरुजी म्हणाले, "आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विष आहे." २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावे लागले आणि कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले. माझे बाबाही दरवर्षी फवारणी करतात. त्या दिवशी घरी गेल्यावर मी प्रथम ती बाटली कुठे ठेवली आहे ते पाहिले. ती माझ्या लहान बहिणीच्या हाताला लागेल अशा जागी होती. बाबांना सांगून ती उंचावर, कुलपात ठेवायला लावली.

आता मावा म्हणजे काय ते सांगतो. मावा हा अगदी मऊ अंगाचा किडा आहे. त्याचे तोंड सुईसारखे असते. ती सुई कोवळ्या देठात खुपसून तो रस पितो. त्याची मादी बहुतेक काळ अंडी न घालता सरळ पिलेच देते. ती पिले आठ-दहा दिवसांत स्वतः पिले देऊ लागतात. म्हणून आज चार दिसले तर पंधरवड्यात वेल भरून जातो. जास्त झालेला गोड रस मावा अंगाबाहेर टाकतो. त्यालाच शेतकरी 'चिकटा' म्हणतात. त्यावर पुढे काळी बुरशी चढते. हा गोड रस खायला मुंग्या येतात आणि त्याच्या लोभाने माव्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. गवळी गाई राखतो, तशा मुंग्या मावा राखतात!

आता माझी चूक. त्याच वेलावर काळ्या-राखाडी रंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या, मगरीसारख्या दिसणाऱ्या बारीक अळ्या फिरत होत्या. त्या इतक्या कुरूप होत्या की मला वाटले, याच खऱ्या चोर. मी वीस-पंचवीस अळ्या काडीने चिरडल्या. संध्याकाळी एक अळी आजीला दाखवायला नेली. आजी म्हणाली, "अरे बाबू, हिले कायले मारतं? हे तं मावा खाते!"

मला खरे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी काचेच्या बरणीत माव्याने भरलेला एक शेंडा आणि एक अळी ठेवली व तोंडाला फडके बांधले. सकाळी पाहतो तर अर्धा शेंडा साफ! रोज नवा शेंडा देत गेलो. काही दिवसांनी अळी काचेला चिकटून गोळा झाली, आणि त्यानंतर त्यातून नारिंगी पाठीचा, काळ्या नागमोडी रेघांचा ढालकिडा बाहेर आला. मी त्याला वेलावर सोडले. मी शत्रू म्हणून मारले ते आपलेच राखणदार होते. त्याचे मला फार वाईट वाटले. कपाशीचे विष मारले असते तर राहिलेले राखणदारही मेले असते.

मग गुरुजींच्या सांगण्यावरून आम्ही पुढील उपाय केले.

(१) फार भरलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवले. बाकीच्यांवर पाण्याची जोरदार धार मारली. खाली पडलेला मावा सहसा परत वर चढत नाही.

(२) १ लिटर पाण्यात धुण्याच्या साबणाचा चहाचा एक चमचा चुरा विरघळवून पानांच्या खालच्या बाजूने फवारला. साबणाने माव्याचे अंग सुकते. मात्र ज्याच्या अंगाला पाणी लागेल तोच मरतो. आधी एकाच पानावर मारून पाहावे. पान करपले तर पाणी आणखी घालावे.

(३) आजीने उन्हाळ्याच्या शेवटी वेचून वाळवलेल्या निंबोळ्या होत्या. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवल्या, फडक्यातून गाळल्या, एकूण १ लिटर पाणी केले आणि चिमूटभर साबण घातला. हा झाला ५ टक्के निंबोळी अर्क. उन्हाने त्याचा गुण जातो, म्हणून संध्याकाळी फवारावा. त्याने मावा लगेच मरत नाही. त्याची भूक मंदावते, कात टाकता येत नाही आणि वाढ थांबते. चार-पाच दिवस धीर धरावा. आठ दिवसांनी पुन्हा फवारावा.

(४) मुंग्यांची वाट अडवायला बुडाभोवती चुलीची कोरडी राख टाकली.

तंबाखूचा काढा मात्र करू नये. तो घरी केलेला असला तरी विषारीच असतो. तसेच शेंगा नेहमी धुऊनच शिजवाव्यात.

जिथे ढालकिडे होते ते शेंडे आम्ही मुद्दाम फवारले नाहीत. तीन आठवड्यांत वेलाला नवी पालवी फुटली. मावा पूर्ण गेला नाही, थोडा अजूनही आहे. गुरुजी म्हणतात, थोडा राहिला पाहिजे, नाहीतर ढालकिडे काय खातील?

१९३७ साली आपल्या वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. हाताने काम करता करता शिकावे, असा विचार तिथे मांडला गेला. तो मला या वेलापाशी समजला.

मित्रांनो, येत्या जूनमध्ये शाळा उघडली की लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडलेला असेल. प्रत्येकाने एकेक पिशवी वेचून आणा. आणि पालकहो, घरातली विषाची बाटली कुठे आहे, ते आज घरी गेल्यावर जरूर पाहा.

— बागकाम गटातील एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी