कणगींतील धान आणि डब्यांतील तेल

सालेकसा हा गोंदिया जिल्ह्यांतील धानाचा मुलूख. मागील पिढी धान पायलीनें मापीत असे. बाजारांत मात्र तें क्विंटलनें विकलें जातें. पायली हें आकारमानाचें माप, क्विंटल वजनाचें. दोहोंमधील दुवा म्हणजे घनता. तो हातीं नसला तर व्यापाऱ्याच्या अंदाजास मान डोलवावी लागते.

समजा, गोल कणगीची आंतील रुंदी ४ फूट असून धान ५ फूट भरलें आहे. त्रिज्या २, तिचा वर्ग ४; त्यास ३.१४ नें व उंचीनें गुणिलें कीं सुमारें ६३ घनफूट. एका घनफुटाचे २८.३ लिटर, म्हणजे एकंदर १,७८० लिटर झाले. आतां लिटरभर धानाचें वजन किती? येथें पुस्तकांतील आंकडा घेऊं नये. वाण, ओल व केर यांप्रमाणें तो बदलतो. दहा लिटरची बादली न दाबतां भरावी, काठावरून पट्टी फिरवावी आणि तोलावी. बादली वजा जातां ५.८ किलो भरले तर लिटरास ५८० ग्रॅम. कणगींत १,०३२ किलो, म्हणजे दहा क्विंटलांहून थोडें अधिक. तळचें धान भारानें दाबलेलें असतें, म्हणून प्रत्यक्ष वजन याहून अधिकच निघावें. कमी निघालें तर काटा पुन्हां पाहावा!

भरला दाणा तर पाण्यांत बुडतो; मग लिटरभर धान पाण्याहून हलकें कसें? दाण्यांमधील फटींत हवा असते म्हणून. पेरणीपूर्वीं १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बियाणें टाकतात, तेंही घनतेच्याच आधारें: पोकळ दाणे तरंगतात ते काढावयाचे, बुडालेले स्वच्छ पाण्यानें धुऊन सावलींत वाळवावयाचे. शाळेंत घनता धातूच्या ठोकळ्यावर शिकवितात. धानावर शिकविली असती तर अधिक मुलांच्या ध्यानांत राहती.

जुन्या वह्यांतून मण आढळतात, कारण मेट्रिक वजनें १९५८ च्या ऑक्टोबरापासून टप्प्याटप्प्यानें आलीं. ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण धरिल्यास मणाचे ३७.३२ किलो होतात. वहींतील ३० मण म्हणजे सुमारें ११.२ क्विंटल.

शहरवासीयांस हाच प्रश्न तेलाच्या डब्यांत भेटतो. खाद्यतेल लिटरास सुमारें ९१० ग्रॅम भरतें. तेव्हां १५ लिटरच्या डब्यांत १३.६५ किलो तेल, तर १५ किलोच्या डब्यांत जवळजवळ साडेसोळा लिटर. डबे दिसावयास सारखेच. भाव विचारण्यापूर्वीं डब्यावर लिटर छापलें आहे कीं किलो, तें वाचावें, आणि दोन्ही दर किलोवर आणूनच तुलना करावी.