डबा गरम लागतोय का, ते आधी बघा

मे महिना सरत आला की गायमुखपासून पलीकडे भाईंदर-उत्तनपर्यंत होड्या वर ओढायची घाई सुरू होते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, डागडुजी आणि रंग त्याच काळात उरकायचा. माझी नोकरी रंगाच्या कारखान्यात झाली. राहते घोडबंदर रोडला, कासारवडवलीत. त्यामुळे ओळखीचे नाखवे हमखास फोन करतात. "ताई, पठाणाला इपॉक्सी लावतोय, फार दाट झालंय. थिनर किती घालू?"

मी उलट विचारते, "डबा हाताला गरम लागतोय का?"

पठाण म्हणजे होडीच्या तळाचा कणा. ओहोटीला खाडीचं पाणी ओसरलं की होडी चिखलात बसते आणि तिचा भार या कण्यावर येतो. शिंपले, दगड तिथेच घासतात. रंग खरवडला गेला की लाकडात खारं पाणी शिरतं, मागोमाग लाकूड पोखरणारा किडा. पठाण लोखंडी असेल तर गंज. तळ जपायची ही धडपड जुनीच. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि याच खाडीच्या वरच्या अंगाला महाराजांच्या आरमाराची उभारणी सुरू झाली. लाकडी तळ राळ आणि तेलाच्या लेपांवर जपायचे, ही किनाऱ्यावरची जुनी रीत. इपॉक्सी त्या मानाने कालचं. स्वित्झर्लंडचे पिएर कास्तां आणि अमेरिकेचे सिल्व्हन ग्रीनली यांच्या 1930-40 च्या दशकांतल्या कामातून ते आलं.

घरातल्या अराल्डाइटच्या दोन ट्यूब आठवा. इपॉक्सी रंगाचंही तसंच, एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र आले की रासायनिक क्रिया सुरू होते, ती थांबवता येत नाही. तापमान 10 अंशांनी वाढलं की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. मेच्या उन्हात मोठ्या डब्यात कालवलेला रंग स्वतःच्याच उष्णतेने तापतो आणि बघता बघता घट्ट होतो. त्या दाटपणावर थिनरचा इलाज नाही. रंग ढवळायला सैल होतो, पण जोडलेले रेणू सुटत नाहीत आणि असा रंग नीट धरत नाही. डबा गरम लागत असेल तर तो रंग गेला, मन घट्ट करून बाजूला ठेवा. पुढच्या वेळी थोडाच कालवा आणि पसरट भांड्यात ओता, म्हणजे उष्णता कोंडत नाही.

डबा थंड असेल तरच थिनरचं बोलू. बहुतेक कंपन्या शेकडा पाचच्या आसपास मुभा देतात. नेमका आकडा डब्यावर किंवा माहितीपत्रकात असतो, तोच पाळायचा. उघड्या लाकडावरचा पहिला हात जास्त पातळ चालतो, कारण तो आत मुरायला हवा. पुढचे हात मात्र दाटच. आणि 'सॉल्व्हेंट-फ्री' लिहिलेल्या इपॉक्सीत थिनर घालूच नये.

हिशेब साधा आहे. रंगात आकारमानाने 60 टक्के घन भाग असेल, तर 200 मायक्रॉनचा ओला थर सुकून 120 चा होतो. लिटरमागे पाव लिटर थिनर ओतला की तेवढाच ओला थर सुकून 96 चा उरतो. शिवाय पातळ रंग उभ्या बाजूवर तेवढा ठरतही नाही, ओघळतो. वरचा पापुद्रा आधी सुकला तर थिनर आत कोंडतो, मग फोड येतात. डबा पुरवायला म्हणून थिनर वाढवणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, ही बचत पठाणाच्या जिवावर आहे.

थिनर इपॉक्सीचाच हवा. एनसी थिनर, टर्पेंटाइन, रॉकेल चालत नाही. आधी रंग आणि हार्डनर मापाच्या भांड्याने मोजून कालवा, थिनर त्यानंतर. हार्डनर जास्त घातला तर लवकर सुकेल, हा गैरसमज फार पसरलाय. प्रमाण चुकलं की थर कच्चा राहतो.

आपली खरी अडचण हवेची आहे. होड्या वर असतात तेव्हाच पाऊस, आणि दमट हवेत इपॉक्सीवर चिकट तेलकट साय धरते. ती पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात द्यायचा नाही. जमलं तर पावसाआधीच उरका. नाहीतर ताडपत्रीखाली ओल्या फडक्याने एक पट्टा पुसा. दहा-पंधरा मिनिटांत सुकला तर रंगवायला हरकत नाही. ठोकळ्यांवर टेकलेली जागा कोरी राहते, म्हणून ठोकळे सरकवून तिथेही सगळे हात पूर्ण करा. होडी पुन्हा चिखलात टेकणार ती तिथेच.

हातमोजे घाला, जवळ विडी पेटवू नका आणि हात थिनरने धुऊ नका. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर सुटत नाही. उरलेला रंग भांड्यातच कडक होऊ द्या. तो आणि ब्रश धुतलेला थिनर खाडीत टाकू नका. त्याच पाण्यातल्या निवट्या आणि चिंबोऱ्या आपण घरी नेतो.