हिंगोली जिल्ह्याचा प्रवास : यात्रेकरूंसाठी काही माहिती

मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके होत. औंढ्याचे ज्योतिर्लिंग व संत नामदेवांचे नर्सी या दोन स्थानांमुळे येथे दूरदूरचे भाविक येतात. तथापि पुरेशी माहिती नसल्याने अनेकांची पावले एका मंदिरापासूनच परत फिरतात.

पूर्णा-अकोला लोहमार्ग या जिल्ह्यातून जातो. पूर्वीच्या मीटरगेज मार्गाचे रूंदीकरण २००८ साली पूर्ण झाले. मराठवाड्यातून येणाऱ्यांना पूर्णा आणि विदर्भातून येणाऱ्यांना अकोला व वाशीम येथून गाडी मिळते. रेल्वेच्या वेळापत्रकात स्थानकाचे नाव ‘हिंगोली डेक्कन’ असे आहे, हे ध्यानात ठेवावे. परभणी व नांदेडहून एस.टी. बसनेही येता येते. नजीकचा विमानतळ नांदेड येथे आहे.

हिंगोलीपासून औंढा सुमारे २५ किलोमीटर अंतरावर आहे. यादवकालीन मंदिराच्या खालच्या भागावरील कोरीव काम निवांतपणे पाहावे. गाभारा भूमिगत असून तेथे अरुंद पायऱ्यांनी उतरावे लागते. छत ठेंगणे असल्याने बसूनच दर्शन घ्यावे लागते. दमेकरी, वृद्ध व लहान मुले यांनी श्रावणी सोमवार व महाशिवरात्रीची गर्दी टाळून अन्य दिवशी येणे श्रेयस्कर ठरेल.

हिंगोलीच्या पश्चिमेस कयाधू नदीकाठी वसलेले नर्सी हे परंपरेनुसार संत नामदेवांचे (इ.स. १२७०-१३५०) जन्मस्थान होय. गुरु ग्रंथसाहिबात त्यांच्या ६१ रचना समाविष्ट असल्याने नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यास येणारे शीख भाविकही नर्सीची वाट धरतात. आषाढ वद्य एकादशीस येथे ‘परतवारी’ची यात्रा भरते. हिंगोलीचा दसरा महोत्सवही दीर्घ परंपरेचा आहे. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरण औंढा तालुक्यातच असल्याने औंढ्याच्या भेटीस जोडून पाहता येते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासास अनुकूल असतो. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा ताप तीव्र असल्याने दर्शन सकाळीच आटोपावे व पिण्याचे पाणी सोबत ठेवावे. गावोगावच्या परतीच्या शेवटच्या बसची वेळ आगारात आधीच विचारून घ्यावी. मुक्कामासाठी हिंगोली शहर सोयीचे आहे.

पाहुणा तासाभरात निघून गेला, तर गावाच्या पदरी केवळ गर्दी व कचरा पडतो. तो रात्रभर थांबला, तर खानावळ, रिक्षा व किराणा दुकान यांना चार पैसे मिळतात. बसथांब्यावर गाड्यांच्या वेळा व अंतरे दर्शविणारा फलक, पिण्याचे शुद्ध पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय एवढ्या तीन गोष्टी ग्रामपंचायतींनी मनावर घेतल्या, तरी पाहुण्याचा पाय गावात अधिक काळ थांबेल. शिक्षकांनीही शाळेच्या सहलीसाठी दूरची स्थळे निवडण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यातील हा वारसा विद्यार्थ्यांना दाखवावा. गावाची माहिती असलेली मुलेच उद्या पाहुण्यांना वाट दाखवतील.