सुगंध टिकवायचा तर…

● बाटली वाचा : 'ओ द कोलोन'मध्ये सुगंधी अर्क साधारण २ ते ५ टक्के, 'ओ द त्वालेत'मध्ये ५ ते १५, 'ओ द पर्फ्यूम'मध्ये १५ ते २० टक्के. अर्क जास्त तितका मुक्काम जास्त.

● घाई नको : लिंबू-संत्र्याचे वास पटकन उडतात, चंदन, ऊद, वाळा रेंगाळतात. मनगटावर लावा, अर्धा तास बाजारात फिरा, पुन्हा हुंगा, मगच पैसे मोजा.

● कुठे लावाल? : मनगट, कानामागे, मान, कोपराची खोबण. कोरड्या त्वचेवर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. मनगटं एकमेकांवर घासू नका.

● अत्तराची गोष्ट वेगळी : कन्नौजला तांब्याच्या देगेत फुलं शिजतात, त्यांची वाफ 'भपका' नावाच्या भांड्यातल्या तेलात मुरते. परंपरेने हे तेल चंदनाचं. त्यात मद्यार्क नसतो, म्हणून थेंबभर पुरतं. पांढऱ्या सदऱ्यावर मात्र डाग पडतो. त्यापेक्षा कापसाचा फाया कानाच्या वरच्या घडीत खोचा, आजोबा खोचायचे तसा.

● साठवण : ऊन आणि न्हाणीघराची वाफ टाळा. कपाटातला अंधारा कोपरा उत्तम.