टाकीच्या मापाचा शार्क

शार्क टाकीच्या मापाइतकाच वाढतो, हा समज फार पसरलेला आहे. घरी पाळला जाणारा तपकिरी पट्ट्यांचा बांबू शार्क, आपल्या मुशीचाच दूरचा नातलग, अंड्यातून निघतो तेव्हा जेमतेम 15 सेंटीमीटरचा असतो; पूर्ण वाढल्यावर सुमारे 1 मीटर होतो. मुलाला घट्ट बूट घातला म्हणून पाऊल वाढायचे थांबत नाही, ते दुखावते. अरुंद टाकीतही तसेच होते. वळायला जागा उरत नाही, नाक काचेवर घासून जखमा होतात आणि अमोनिया (माशाच्या उत्सर्जनातून पाण्यात उतरणारे विषारी द्रव्य) साचतो. वाढ खुंटलीच, तर ते त्रासाचे लक्षण समजावे. टाकी घेताना पिल्लू नव्हे, मोठा मासा डोळ्यांसमोर आणावा. तळाला मऊ वाळू हवीच. दिवसाचा बहुतेक वेळ तो तिच्यावर पडून असतो.